सोनं खाली बसत नाही? आणखी पावडर हे उत्तर नव्हे

सोनं शुद्ध करताना अम्लराजात (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या मिश्रणात) विरघळवलेलं सोनं खाली बसलं नाही की ‘मेटाबायसल्फाइट (सोनं खाली बसवणारी पावडर) वाढवा’ हा सल्ला हमखास मिळतो. हिशेबाने १ ग्रॅम सोन्याला ०.७२ ग्रॅम पावडर लागते. व्यवहारात १ ग्रॅम पुरते. तपकिरी गाळ दिसून पुन्हा विरघळत असेल, तर द्रावणात नायट्रिक ॲसिड शिल्लक आहे आणि ते नव्या पावडरीलाही खाऊन टाकतं. ते घालवायला धूर ओढून घेणाऱ्या हुडखाली द्रावण गरम करा, फेस थांबेपर्यंत सल्फॅमिक ॲसिड चिमूटचिमूट घाला. (युरियाने नायट्रिक जात नाही, तीही अफवाच.) शिसं असेल तर पांढरा गाळ येईल, द्रावण थंड झाल्यावर तो गाळून काढा, मगच पावडर टाका. शेवटी वरच्या पाण्याच्या थेंबावर सोनं ओळखणारं स्टॅनस क्लोराइड टाका. जांभळा डाग आला, तर सोनं अजून द्रावणातच आहे. ओतून देऊ नका.