‘वजन वाढवा’ म्हणण्याआधी : ट्रॅक्शन घेणाऱ्यांसाठी चार गोष्टी

ट्रॅक्शन म्हणजे पट्टा बांधून मशिनने कंबर किंवा मान ओढणं, हे आमच्याकडे फिजिओथेरपीला येणाऱ्या बहुतेकांना ठाऊक असतं. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलेलं असतं, घरात कुणी ना कुणी आधी घेतलेलं असतं. म्हणून ती उजळणी नको. हे पत्रक छापलंय ते दिवसातून चार-पाच वेळा ऐकू येणाऱ्या एका वाक्यासाठी : ‘काहीच जाणवत नाहीये, जरा वजन वाढवा ना.’ त्याचं जुळं भावंडही आहे : ‘त्या काकांना वीस किलो लावलंय, मग मला चौदाच का?’

काकांचं वजन ऐंशी आहे आणि तुमचं पंचावन्न, म्हणून. कमरेची ओढ, म्हणजे तुम्ही वाढवायला सांगता ते ‘वजन’, माणसाच्या स्वतःच्या वजनावर ठरते. साधारण पाव वजनापासून सुरुवात करतो, आणि निम्म्याच्या पुढे सहसा जात नाही. मानेचा हिशेब त्याहून वेगळा. अख्खं डोकंच चार-पाच किलोचं असतं, तिथे आम्ही तीन-चार किलोपासून सुरू करतो. मशिनवरचा आकडा म्हणजे परीक्षेतले मार्क नव्हेत.

‘आधी जिथे जायचो तिथे पंचवीस लावायचे’ असंही बरेच जण सांगतात. लावत असतील. साध्या सलग टेबलावर कमरेखालचं शरीर गादीला घासतं. सत्तर किलोच्या माणसाचे सतरा-अठरा किलो तर नुसते ते घर्षण मोडण्यातच जातात, मणक्याला उरते ती वरची ओढ. आमचं टेबल दोन तुकड्यांचं आहे. कमरेखालचा तुकडा रुळावर सरकतो, त्यामुळे लावलेली ओढ वाया जात नाही. टेबल घेताना खिशाला चांगलीच झळ बसली होती, पण तेवढ्याच कामासाठी आकडा लहान ठेवता येतो.

ओढ गरजेपेक्षा जास्त झाली की पाठीचे स्नायू सैल पडायचं सोडून आवळून घेतात. मग मशिन एका बाजूला ओढतं आणि तुम्ही दुसऱ्या बाजूला, झाली रस्सीखेच. एका गृहस्थांनी आमची थेरपिस्ट पलीकडच्या टेबलाकडे वळलेली पाहून स्वतःच आकडा वाढवला. तेव्हा त्यांना ‘मस्त’ वाटलं. रात्री कमरेत उसण भरली. तीन दिवस घरी पडून राहिले, आणि पुढच्या दोन सिटिंग फक्त शेक देऊन पाठ मोकळी करण्यात गेल्या. तुमच्या हातात आम्ही जे बटण देतो ते मशिन थांबवण्यासाठी आहे. ते बिनधास्त दाबा. बाकीच्या बटणांना हात नको.

मग ‘जाणवायला’ काय हवं? पट्टा घट्ट बसल्याचं, हलक्या ताणाचं, आणि तीसेक सेकंद ओढून दहा सेकंद ढील मिळाल्याचं. एवढंच. खरी खूण वेगळीच असते. पोटरीपर्यंत जाणारी कळ मांडीपर्यंत आली, बोटांतल्या मुंग्या कोपरावर थांबल्या, तर ते चांगलं लक्षण, त्या दिवशी कंबर किंवा मान थोडी जास्त दुखली तरी. उलट कळ खाली उतरू लागली, तर मशिन चालू असतानाच सांगा. सिटिंग संपेपर्यंत दात-ओठ खात पडून राहणारे आम्हाला अजिबात आवडत नाहीत.

पायांखालचा स्टूल आणि मानेखालची उशी काढू नका. तो पाहुणचार नाही. मान वीस-तीस अंश पुढे झुकली की ओढ खालच्या मणक्यांपर्यंत पोचते. उशी काढली की कोनच बिघडतो.

आता एक अडचणीचा प्रश्न. इंटरनेटवर वाचून काही जण विचारतात, ‘ट्रॅक्शनचा उपयोगच होत नाही म्हणे?’ कोक्रेन या वैद्यकीय संशोधनांचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २०१३ च्या आढाव्यात कंबरदुखीवर ट्रॅक्शनचा परिणाम अगदी थोडा किंवा नाहीच, असं निघालं, हे खरं आहे. मान आणि हातात जाणाऱ्या कळेसाठी मात्र व्यायामाच्या जोडीने दिलेल्या ट्रॅक्शनचा फायदा काही चाचण्यांत दिसलाय. म्हणून आम्ही कंबर दुखते म्हणून आलेल्या प्रत्येकाला पट्टा बांधत नाही. आधी हाताने ओढून पाहतो. कळ हलकी झाली तरच मशिन, आणि त्याच्यासोबत व्यायाम ठरलेलाच. चार-पाच सिटिंगमध्ये फरक पडला नाही तर ट्रॅक्शन बंद करून तुम्हाला डॉक्टरांकडे परत पाठवतो. पंधरा सिटिंगचं पॅकेज आधीच गळ्यात मारत नाही, ते याच कारणाने.

गरोदरपण, ठिसूळ हाडं, मणक्याचा टीबी, कॅन्सर, नुकतंच झालेलं फ्रॅक्चर किंवा ऑपरेशन, सांधे सुजवणारा आमवात : यातलं काहीही असेल तर पट्टा बांधण्यापूर्वी सांगा, आम्ही विचारायला विसरलो तरी. आणि लघवी-शौचावरचा ताबा सुटला, जांघेत बधिरपणा आला किंवा पाय लुळा पडू लागला तर आमच्याकडे येऊच नका, तडक हॉस्पिटल गाठा.

पट्टा सुटला की ताडकन उठून चपला शोधायला वाकू नका. पाच मिनिटं तसेच पडून राहा, मग कुशीवर वळा आणि हाताच्या आधाराने उठा. त्या पाच मिनिटांसाठी कुणी तुम्हाला टेबल रिकामं करा म्हणणार नाही. वेळा लावतानाच ती धरलेली असतात.

येताना सैल कपडे घाला, भरल्या पोटी येऊ नका, आणि एमआरआय झाला असेल तर रिपोर्ट आणा, मोबाइलवरचा फोटोही चालतो. तुमच्या प्रत्येक सिटिंगची ओढ, वेळ आणि कळ कुठवर होती ते आमच्या कार्डावर लिहिलेलं असतं. काकांशी तुलना करण्यापेक्षा ते कार्ड मागा, आम्ही दाखवतो.