पेशीत शिरून जस्त पकडणारा टीपेन

‘शरीरातले जड धातू काढा, कॅन्सर पळवा’ अशा जाहिराती सध्या वारंवार दिसतात. त्या पाहिल्या की मला टीपेन हा रेणू आठवतो. तो खरोखर धातू पकडतो, तेही थेट पेशीच्या आत. तरीही तो औषध नाही, संशोधकांच्या हातातलं हत्यार आहे.

पेशीभोवतीचं पटल मेदाचं असतं. ईडीटीए हा प्रसिद्ध चिलेटर, म्हणजे धातू पकडून ठेवणारा रेणू, ऋणभारित असल्यामुळे ते ओलांडू शकत नाही. टीपेनवर असे ऋणभारित गट नाहीत. त्याच्या भारहीन रूपातला रेणू पटलातून सहज आत जातो.

खरी गंमत पुढे आहे. टीपेनमध्ये सहा नायट्रोजन अणू आहेत, त्यांतले चार पिरिडीन नावाच्या कडीसारख्या रचनांत. जस्ताचा आयन सापडला की हे सहाही त्याला सगळीकडून वेढतात. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमला ऑक्सिजनची जवळीक आवडते; जस्त, तांबं, लोह नायट्रोजनकडेही ओढले जातात. त्यामुळे टीपेन पेशीतल्या कॅल्शियमला जवळपास हात लावत नाही.

याच गुणाचा उपयोग १९८५ साली झाला. एर्लिख आणि योशिदा या नावांच्या अर्बुदांच्या (कॅन्सरच्या गाठींच्या) पेशींत चमकणाऱ्या रंगद्रव्याने कॅल्शियम मोजताना आकडे फसवे येत होते, कारण पेशीतले जड धातू रंगद्रव्याला चिकटून चमक बिघडवत होते. टीपेनने ते धातू बाजूला केले आणि या पेशींतलं मुक्त कॅल्शियम सामान्यच असल्याचं दिसलं. हे काम करणाऱ्या संशोधकांत रॉजर त्सिएन होते, ज्यांना पुढे २००८ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

कॅन्सरच्या पेशींतलं जस्त काढून घेतलं की त्या बऱ्याचदा आत्मनाशाकडे वळतात. एक्सआयएपी हे प्रथिन कॅस्पेज या, पेशीतली प्रथिनं कापून तिला आत्मनाशाकडे नेणाऱ्या विकरांना (एन्झाइमना) रोखून धरतं आणि त्याची घडण जस्तावर टिकून असते. जस्त गेलं की एक्सआयएपी नष्ट होतं, कॅस्पेज मोकळे सुटतात.

पण जस्त निरोगी पेशींनाही लागतंच. माणसाची सुमारे दहा टक्के प्रथिनं जस्त बांधतात, असा अंदाज आहे. म्हणून टीपेन चेतापेशींनाही मारतो. शिसं किंवा लोह साठलेल्या रुग्णांना डॉक्टरांच्या देखरेखीत दिली जाणारी चिलेशनची औषधं ही वेगळी गोष्ट. कॅन्सरवर ‘डिटॉक्स’ विकणं ही निव्वळ फसवणूक आहे.

प्रयोगात टीपेनबरोबर जस्तही घालून पाहतात. पेशी वाचल्या तर त्या जस्त काढल्यामुळेच मरत होत्या, असं मानलं जातं. मात्र आतड्याच्या कॅन्सरपेशींत टीपेन तांब्याशी जोडी जमवून घातक ऑक्सिजन-मूलकं (पेशीला इजा करणारे अतिक्रियाशील ऑक्सिजनयुक्त कण) तयार करतो, असंही आढळलंय. म्हणून तिथे तांबंही तपासावं लागतं.