संग्रहालयाच्या भांडारातील दुरुस्ती: साहित्याला मंजुरी कशी घ्यावी, कोणते साहित्य पात्र, कोणती कागदपत्रे लागतात

भांडाराचे छत गळते, भिंतीला भेग जाते, चौकटीभोवती फट पडते. दुरुस्तीला परवानगी मिळाली म्हणजे कोणतेही साहित्य आणता येते असे नाही. साहित्याची मंजुरी जतन विभागाकडून वेगळी, लेखी आणि खरेदीपूर्वी घ्यावी. भांडार बहुतेक वेळ बंद असते, हवा फारशी बदलत नाही आणि वस्तू तिथे वर्षानुवर्षे पडून असतात. त्यामुळे साहित्य किती टिकाऊ आहे यापेक्षा ते बंद हवेत काय सोडते, हे आधी पाहावे लागते.

अर्ज कशासाठी लागतो?
आत राहणाऱ्या किंवा आत वाळणाऱ्या प्रत्येक गोष्टीसाठी: रंग, प्राइमर, सीलंट, गोंद, प्लायवूड, दाराची रबरी पट्टी. कामापुरते उभे केलेले तात्पुरते पार्टिशनही यात येते. शेजारच्या खोलीची हवा त्याच वातानुकूलन यंत्रणेतून फिरत असेल, तर तिथल्या कामासाठीही अर्ज करावा.

पात्र आणि अपात्र साहित्य
काच, सिरॅमिक टाइल आणि नीट भाजलेले पावडर कोटिंग असलेले पोलाद सहसा अडचण करत नाही. पाण्यावर आधारित ॲक्रिलिक रंग आणि न्यूट्रल क्युअर सिलिकॉन (वाळताना ॲसेटिक आम्ल न सोडणारे) विचारात घेता येतात, पण चाचणीनंतरच.

साध्या ॲसिटॉक्सी सिलिकॉनला मात्र थेट नकार द्यावा. ते वाळताना व्हिनेगरसारखा वास येतो, तो ॲसेटिक आम्लाचा असतो. या वाफेने शिशाच्या नाण्यावर पांढरी भुकटी धरते आणि शंख-शिंपल्यांवर क्षार फुलतात. ओक लाकूड, एमडीएफ (लाकडाचे तंतू गोंदाने दाबून केलेला फळा) आणि तैलरंगही सेंद्रिय आम्ले सोडतात. गंधक घालून पक्के केलेले रबर चांदी काळी पाडते.

डब्यावरच्या ‘लो व्हीओसी’ (हवेत उडणारी सेंद्रिय रसायने ठरावीक मर्यादेपेक्षा कमी) या शब्दांवर मंजुरी देऊ नये. ही मर्यादा माणसांचे आरोग्य आणि बाहेरच्या हवेचे प्रदूषण डोळ्यांसमोर ठेवून ठरवलेली असते, शिसे किंवा चांदी डोळ्यांसमोर ठेवून नव्हे.

कागदपत्रे
अर्जात कक्ष, कामाची जागा, अंदाजे क्षेत्रफळ, तारखा आणि जवळच्या वस्तू कोणत्या धातूच्या वा पदार्थाच्या आहेत, हे लिहावे. सोबत उत्पादनाचे पूर्ण नाव, कोड आणि बॅच क्रमांक, तांत्रिक माहितीपत्रक, सुरक्षा माहितीपत्रक, हवा खेळती ठेवण्याची योजना आणि प्रत्यक्ष नमुना द्यावा. सुरक्षा माहितीपत्रकात मुख्यतः माणसाला घातक घटक आणि तेही ठरावीक प्रमाणापुढचेच नोंदलेले असतात. त्यात आम्लाचा उल्लेख नाही म्हणून आम्ल निघणारच नाही, असे धरू नये.

चाचणी आणि लागणारा वेळ
ब्रिटिश म्युझियममध्ये अँड्र्यू ऑडी यांनी 1970च्या दशकात रुजवलेली ऑडी चाचणी आजही सर्वाधिक वापरात आहे. सुमारे 2 ग्रॅम नमुना, थोडे पाणी आणि चांदी, तांबे व शिसे यांच्या घासून स्वच्छ केलेल्या पट्ट्या हवाबंद काचेच्या भांड्यात घालून 60 अंश सेल्सिअसला 28 दिवस ठेवतात. शेजारी नमुना नसलेले भांडे तुलनेसाठी असते. पट्ट्या पाहून ‘कायमस्वरूपी’, ‘तात्पुरत्या वापरासाठी’ किंवा ‘अयोग्य’ असा निकाल देतात. ‘तात्पुरता’ म्हणजे साधारण सहा महिने. भिंतीला लावलेला रंग सहा महिन्यांनी खरवडून काढत नाहीत, म्हणून बांधकामासाठी हा निकाल पुरेसा मानू नये.

रंग किंवा सीलंटचा नमुना आधी पूर्ण वाळू द्यावा लागतो. म्हणून काम सुरू होण्याच्या किमान दोन महिने आधी अर्ज द्यावा. छत फुटून पाणी येत असेल, तर वस्तू हलवाव्यात, स्वच्छ पॉलिथिनने झाकाव्यात, पाणी बाहेरून अडवावे; आतल्या पक्क्या दुरुस्तीसाठी मंजुरीची वाट पाहावी.

मंजुरीनंतर
मंजुरी त्या एका उत्पादनापुरतीच असते. कंत्राटदार ‘तसाच दुसऱ्या कंपनीचा माल’ आणत असेल, तर काम थांबवून नवा अर्ज घ्यावा. हा नियम निविदेतच लिहिला तर साइटवर वाद होत नाहीत. रंगकामानंतर निदान चार आठवडे हवा खेळती ठेवावी आणि तोवर वस्तू परत आणू नयेत. ताज्या काँक्रीटमधून ओल आणि अल्कधर्मी धूळ येते, त्याला याहून जास्त वेळ द्यावा.

मंजुरीपत्र, लेबलचा फोटो आणि वाळलेल्या नमुन्याचा तुकडा कक्षाच्या फाइलमध्ये ठेवावा. पुढच्या दुरुस्तीच्या अर्जाला ही फाइल जोडता येते. कंपनीने घटक बदलले असतील, तर चाचणी पुन्हा करावी लागते.