तीन बोटांच्या आधीची चांदीची सुरी

दहावीच्या विज्ञानात फ्लेमिंगचा उजव्या हाताचा नियम येतो. अंगठा तारेच्या गतीकडे, तर्जनी चुंबकीय क्षेत्राकडे, की मधलं बोट प्रवर्तित विद्युतधारेची दिशा दाखवतं. परीक्षेत मुलं मनगट पिळून उत्तर काढतात आणि ते बरोबरही येतं. पण धारा त्याच दिशेने का, हे बोटं सांगत नाहीत. शिवाय हा नियम विद्युतचुंबकीय प्रवर्तनाच्या, म्हणजे चुंबकाच्या साहाय्याने तारेत धारा निर्माण करण्याच्या, मूळ शोधानंतर कितीतरी वर्षांनी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आला. त्याआधी मायकेल फॅरेडेने हीच दिशा चांदीच्या सुरीने समजावली होती, आणि शिकवायला मला ती सुरीच जास्त आवडते.

२९ ऑगस्ट १८३१ ला फॅरेडेला लोखंडी कड्यावरच्या दोन वेटोळ्यांतून जी धारा मिळाली, ती बॅटरी जोडताना आणि तोडताना क्षणभर उमटून विझत होती. २८ ऑक्टोबरला त्याने रॉयल सोसायटीच्या मोठ्या चुंबकाच्या ध्रुवांमध्ये तांब्याची चकती फिरवली. एक तार आसाला, दुसरी कडेला टेकवलेली. चकती फिरत होती तोवर गॅल्व्हानोमीटरची, म्हणजे धारा दाखवणाऱ्या यंत्राची, सुई कललेलीच राहिली. चकती उलटी फिरवली, सुई उलट्या बाजूला गेली.

दिशेचा नियम सांगायला त्याने घरातली वस्तू घेतली. चुंबकाच्या कांडीवर सुरी आडवी धरा, धार वर, पात्याची खूण असलेली बाजू उत्तर ध्रुवाकडे. मग धार पुढे ठेवून सुरी कुठेही न्या. उत्तर ध्रुवातून निघालेल्या बलरेषा (चुंबकीय क्षेत्राची दिशा दाखवणाऱ्या कल्पित रेषा) खुणेच्या बाजूवर येत असतील तोवर पात्यातली धारा त्याच टोकाकडून त्याच टोकाकडे वाहणार. या चित्रात रेषा कापणं डोळ्यांना दिसतं. तार रेषांना समांतर सरकवली तर काहीच कापलं जात नाही आणि काहीच मिळत नाही, हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

मग त्याला वाटलं, पृथ्वीही चुंबक आहे आणि नदी हा वाहता वाहक. जानेवारी १८३२ मध्ये त्याने लंडनच्या वॉटर्लू पुलावर ९६० फूट तांब्याची तार पसरली आणि तिच्या टोकांचे धातूचे पत्रे थेम्समध्ये सोडले. सुई हलली, पण वेडीवाकडी. पत्र्यांतला आणि पाण्यातला फरक स्वतःच वीज निर्माण करत होता. खरा परिणाम काही मिलिव्होल्टचा, तो त्यात बुडून गेला. विचार मात्र चुकला नव्हता.

दिशेमागचं कारण सेंट पीटर्सबर्गमध्ये हाइनरिख लेंझने १८३३ च्या नोव्हेंबरात मांडलं: प्रवर्तित धारा ज्या हालचालीतून निर्माण होते, त्या हालचालीलाच ती विरोध करते. म्हणून तर दिवा जोडलेला डायनॅमो फिरवायला जड लागतो. धारेने हालचालीला मदत केली असती, तर वीज फुकट मिळाली असती. पुढे भौतिकशास्त्रज्ञ लॉरेंट्झच्या सूत्राने वाहकातल्या विद्युतप्रभारावरच बल लागतं हे दाखवलं, तेव्हा सुरीचं कोडं पूर्ण सुटलं.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. अलिबागच्या वेधशाळेत १९०४ पासून पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मोजतात. तिथे त्याचा उभा घटक साधारण २० मायक्रोटेस्ला, खाली जमिनीकडे. ताशी १०० किलोमीटरने धावणाऱ्या गाडीचा आस १.६७६ मीटरच्या रुळांवर या क्षेत्राच्या बलरेषा कापत जातो. वेग, लांबी आणि क्षेत्र यांचा गुणाकार केला तर विद्युतगामक बल, म्हणजे धारा ढकलणारा विद्युतदाब, जेमतेम ०.९ मिलिव्होल्ट. गाडी कुठल्याही दिशेला जावो, पुढे तोंड करून पाहिलं तर धन टोक डावीकडचंच. पण परिपथ पूर्ण नसेल तर विद्युतगामक बल असूनही धारा वाहत नाही. इथेच बरीच मुलं अडखळतात.

थेम्सवर जे साधलं नाही, ते आज पाणीपुरवठ्याच्या नळांत रोज होतं. विद्युतचुंबकीय फ्लोमीटरमध्ये, म्हणजे पाण्याचा प्रवाह मोजणाऱ्या यंत्रात, नळाभोवती वेटोळी असतात आणि समोरासमोरच्या दोन इलेक्ट्रोडमधला विद्युतदाब पाण्याचा वेग सांगतो. वेटोळ्यांचं क्षेत्र सतत उलटसुलट करतात, म्हणून पाण्याच्या रासायनिक परिणामातून खरा विद्युतदाब वेगळा काढता येतो. फॅरेडेचं थेम्सचं क्षेत्र पृथ्वीचं होतं, ते त्याला उलटवता येत नव्हतं.