चर्चच्या आवारातले लेखक-मेळावे : मराठवाड्यातली पार्श्वभूमी

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, ९३वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. धर्मगुरू अध्यक्ष कसा, यावरून त्याआधी बराच गदारोळ झाला. गंमत अशी, की चर्चच्या आवारात साहित्य वाचणे-ऐकणे मराठवाड्याला नवे नव्हतेच.

धागा जालन्यापर्यंत मागे जातो. १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री पुढे जालन्यात आले. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले. शेषाद्री पट्टीचे वक्ते. १८७३ मध्ये न्यूयॉर्कला भरलेली ख्रिस्ती परिषदही त्यांनी गाजवली. पण जालन्याच्या आसपासच्या नव्या ख्रिस्ती कुटुंबांत अक्षरओळख असलेले थोडे, त्यामुळे पुस्तक कानांनीच वाचले जाई. शेजारच्या अहमदनगरात तोवर ख्रिस्तकथेची कीर्तने सुरू झाली होती. पुढे नारायण वामन टिळकांच्या अभंगांनी आणि पदांनी ती वाट रुळवली. पेटी, टाळ, मध्येच ओवी, मग निरूपण. आजच्या व्याख्यानाचे मूळ मला इंग्रजी सभेपेक्षा इथे जास्त दिसते.

दुसरे मूळ साक्षीत आहे. उपासनेत कुणीही उठावे आणि स्वतःच्या आयुष्यात काय घडले ते मंडळीपुढे सांगावे, ही रीत. बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ – मराठी ख्रिस्ती गद्याची ताकद आत्मकथनात आहे, हा योगायोग वाटत नाही.

निजामी राजवटीत ‘गश्ती निशाण त्रेपन्न’ या सरकारी परिपत्रकामुळे जाहीर सभेला परवानगी लागायची. मराठवाडा साहित्य परिषद १९४३ मध्ये उभी राहिली तीही याच वातावरणात. १९४८ नंतर बंधने गेली. पुढे औरंगाबादेत गंगाधर पानतावण्यांच्या ‘अस्मितादर्श’ या दलित साहित्याच्या नियतकालिकाने लेखक-वाचक मेळाव्याचे रूप पक्के केले. लेखक समोर, वाचक बिनधास्त प्रश्न विचारणार, हे मराठवाड्याला तिथून सवयीचे झाले.

चर्चमधल्या कार्यक्रमावर या सगळ्यांची छाप दिसते. नाताळच्या आगेमागे किंवा रविवारच्या उपासनेनंतर तरुण संघ खुर्च्या मांडतो, पाळकसाहेब प्रार्थना करतात, शाल-श्रीफळ होते, मग पाहुणे बोलतात. बऱ्याच ठिकाणी पाहुण्यांना पुलपिट, म्हणजे प्रवचनाचा उंच मंच, मात्र देत नाहीत. ते बायबलच्या वचनासाठी राखलेले. लेखकाचा माईक खाली, पहिल्या बाकासमोर. मला हे बरेच वाटते, कारण तेवढ्या अंतरावरून लोक लेखकाला मध्येच थांबवून विचारतात. तक्रार एकच : पाहुणे बहुधा ख्रिस्तीच असतात, आणि शेजारच्या वस्तीतला वाचक फाटकाबाहेरच राहतो.