लॉकेटवाली माळ : विनोद खन्नाच्या संन्यासामागचा इतिहास

साठी ओलांडलेल्या कुणाशीही जुन्या हिंदी सिनेमाविषयी बोलायला बसा. थोड्या वेळानं एक वाक्य हमखास येतं : ‘विनोद खन्ना मध्येच गेला नसता तर...’ पुढचा भाग अमिताभविषयीचा असतो आणि त्यावर तासभर वाद घालता येतो. पण तो गेला कशासाठी, आणि ज्यासाठी गेला ते त्याला मिळालं का, याकडे गप्पा सहसा वळत नाहीत. नाव, पैसा, हुकमत आणि अध्यात्म या चारही गोष्टी एकाच ठिकाणी, आपल्या डोळ्यांदेखत एकत्र आल्या त्या पुण्याच्या कोरेगाव पार्कात, रजनीशांच्या आश्रमात. म्हणून ही गोष्ट थोडी मागून सांगायला हवी.

प्रसिद्ध चेहरा आणि गुरू ही जोडी तेव्हा नवी नव्हती. ऑगस्ट १९६७ मध्ये बीटल्स या गाजलेल्या इंग्रज बँडमधले गायक-वादक लंडनला महर्षी महेश योगींचं व्याख्यान ऐकायला गेले आणि फेब्रुवारी १९६८ मध्ये त्यांच्या ऋषिकेशच्या आश्रमात येऊन दाखल झाले. रिंगो स्टार दहा-बारा दिवसांत परतला. त्याच्या पोटाला तिथलं जेवण सोसत नव्हतं. मॅकार्टनी महिनाभर टिकला. लेनन आणि हॅरिसन एप्रिलमध्ये नाराज होऊन निघाले. म्हणजे हिशेबानं पाहिलं तर प्रयोग फसलाच. पण महर्षींचं नाव तोवर जगभर झालं होतं, कारण फाटकाबाहेर बातमीदार आणि फोटोग्राफर तळ ठोकून होते. हजार प्रवचनांनी जे साधत नाही ते एका प्रसिद्ध चेहऱ्यानं साधतं. चेहऱ्यावरचा लोकांचा विश्वास गुरूच्या खात्यात जमा होतो, आणि चेहरा निघून गेला तरी तो परत काढून घेता येत नाही.

रजनीशांची वाट वेगळी होती. चंद्रमोहन जैन हे त्यांचं मूळ नाव. जन्म ११ डिसेंबर १९३१, मध्य प्रदेशातलं कुचवाडा. सागर विद्यापीठातून तत्त्वज्ञानात एम.ए. केल्यावर ते आधी रायपूर आणि मग जबलपूरला प्राध्यापक झाले. वक्तृत्व असं, की विरोध करायला आलेला माणूसही शेवटपर्यंत बसून राहायचा. १९६६ मध्ये नोकरी सोडून ते पूर्णवेळ भाषणं देत फिरू लागले. १९६८ मध्ये मुंबईत त्यांनी कामभावना आणि समाधी यांचा संबंध लावणारी व्याख्यानं दिली आणि गदारोळ उठला. पाठोपाठ गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात त्यांनी गांधींवर टीका केली. वर्तमानपत्रांना याहून अधिक काय हवं?

१९७० मध्ये ते मुंबईत पेडर रोडच्या वुडलँड्स इमारतीत राहायला आले. त्याच वर्षी मनालीच्या शिबिरात त्यांनी आपल्या ‘नवसंन्यासा’ची दीक्षा द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे संन्यास म्हणजे घर सुटलं, वारसाहक्क सुटला, लोकांच्या दृष्टीनं माणूस जवळपास मेलाच. रजनीशांच्या संन्याशानं यातलं काहीच सोडायचं नव्हतं. भगवे कपडे घालायचे, नवं नाव घ्यायचं, रोज ध्यान करायचं आणि गळ्यात एकशे आठ मण्यांची माळ घालायची, तिच्या लॉकेटमध्ये गुरूचा फोटो. नोकरी, संसार, धंदा सगळं चालू ठेवा. आपण श्रीमंतांचे गुरू आहोत, असं ते उघड म्हणत. त्यामागचा युक्तिवाद असा, की ज्याला पोटभर मिळालेलं नाही त्याला वाटत राहतं की सुख पुढच्या घासात आहे. ज्याचं पोट भरलं आहे त्यालाच कळतं की ते तिथे नव्हतं. हा युक्तिवाद चलाख आहे. अर्धा खराही आहे. आणि मुंबईच्या सिनेमावाल्यांना तो अगदी मापानं शिवल्यासारखा बसला.

मार्च १९७४ मध्ये रजनीश पुण्याला आले. ग्रीसमधल्या एका श्रीमंत शिष्येच्या पैशातून कोरेगाव पार्कमधले बंगले घेतले गेले. तोवर हा भाग म्हणजे वडाची झाडं, संस्थानिकांचे बंगले आणि शांतता. दोन-तीन वर्षांत तिथे जर्मन, इंग्रज, अमेरिकी तरुणांची रीघ लागली. काही जण नदीकाठी बांबूच्या झोपड्या करून राहत. आश्रमाच्या दाराशी पाटी होती : चपला आणि मन बाहेर ठेवा. सकाळच्या प्रवचनाला आत सोडण्याआधी डोक्याचा वास घेत, कारण रजनीशांना दमा होता आणि सुगंधी तेल-साबणाची ॲलर्जी. (वाटेल त्या गोष्टीची खिल्ली उडवणाऱ्या पुणेकरांना एवढा ऐवज बरीच वर्षं पुरला.)

पहाटेचं ‘सक्रिय ध्यान’ तासाभराचं असे. आधी दहा मिनिटं भात्यासारखा वेडावाकडा श्वास, मग दहा मिनिटं किंचाळणं, रडणं, आपटणं, मग हात वर करून ‘हू हू’ करत उड्या, त्यानंतर पंधरा मिनिटं जिथे असाल तिथे थिजून उभं राहणं आणि शेवटी नाच. ज्यांनी केलंय ते सांगतात की अंग हलकं होतं, मोकळं वाटतं. त्यात चमत्कार काही नाही. दिवसभर दाबून धरलेला आवाज तासभर सोडल्यावर कुणालाही बरं वाटेल. परदेशी शिष्यांसाठी थेरपीचे गट असत, त्यांपैकी काहींत मारामारीपर्यंत मजल जाई. १९७९ च्या सुरुवातीला आश्रमानं गटांतली हिंसा बंद केल्याचं जाहीर केलं, म्हणजे तोवर ती चालू होती.

आता चेहरे. ‘गाइड’चा दिग्दर्शक विजय आनंद इथे येऊन संन्यासी झाला. योगायोगानं साधू बनलेल्या माणसाचा सिनेमा काढणाऱ्यानं स्वतः दीक्षा घ्यावी, हा योगच. पुढे तो बाहेरही पडला. इंग्रज नट टेरेन्स स्टॅम्प आला. जर्मनीतल्या हानोवर राजघराण्यातला वेल्फ आला, आश्रमात पहाऱ्यावर राहिला आणि जानेवारी १९८१ मध्ये पुण्यातच वारला. महेश भट्टही भगव्या कपड्यांत वावरत होते. मात्र त्यांचा भ्रमनिरास लवकर झाला. माळ तोडून आपण संडासात टाकली आणि पाणी सोडलं, असं त्यांनी स्वतः अनेकदा सांगितलं आहे. त्यानंतर विनोद खन्नाचा फोन आला, भगवान (म्हणजे रजनीश) नाराज आहेत, परत ये. एका नटाकरवी दुसऱ्या सिनेमावाल्याला असा निरोप जावा, यात प्रभाव कसा काम करतो ते कळतं.

विनोद खन्नानं दीक्षा घेतली ती १९७५ च्या अखेरीस. नाव मिळालं स्वामी विनोद भारती. त्याच्या घरात त्या काळात लागोपाठ मृत्यू झाले, आईही गेली. पडद्यावर मात्र चढतीच होती : ‘हेरा फेरी’, ‘अमर अकबर ॲन्थनी’, ‘मुकद्दर का सिकंदर’, मग १९८० चा ‘कुर्बानी’. सेटवर तो भगव्या कपड्यांत माळ घालून येई, शॉटपुरते कपडे बदली, आणि आठवडा संपला की गाडी पुण्याच्या रस्त्याला लागे. माळ दिसत होती, म्हणून ती बातमी होती. मासिकांच्या मुखपृष्ठावरून रजनीशांचा फोटो अशा घरांत पोचला जिथे त्यांचं पुस्तक कधीच गेलं नसतं.

दरम्यान पुण्यात आश्रमाला जागा पुरेना. सासवडजवळ आणि कच्छमध्ये नव्या वसाहतीसाठी प्रयत्न झाले, पण मोरारजी देसाईंच्या सरकारची मर्जी नव्हती आणि करसवलतही गेली. मे १९८० मध्ये प्रवचन चालू असताना एका तरुणानं रजनीशांवर सुरा फेकला. पुढच्या वर्षी, जून १९८१ मध्ये ते अमेरिकेला गेले. त्या एप्रिलपासून त्यांनी मौन धरलं होतं.

ओरेगनमध्ये ६४,२२९ एकरांचं माळरान ५७.५ लाख डॉलरना घेतलं गेलं. व्यवहार पाहत होती रजनीशांची सचिव, मूळची वडोदऱ्याची शीला, म्हणजे मा आनंद शीला. तिथे रस्ते, धरण, विमानांची धावपट्टी, स्वतःचं पोलिस दल असं अख्खं गाव उभं राहिलं. नाव रजनीशपुरम. १९८२ मध्ये विनोद खन्नानं सिनेमा सोडला आणि तोही तिकडे गेला. बायको आणि दोन लहान मुलं मुंबईत राहिली. तिथे त्यानं बागकाम केलं, भांडी घासली, संडास धुतले. अंगकाठी सारखी असल्यानं रजनीशांचे नवे झगे आधी आपल्या अंगावर चढवून बघत, हेही त्यानं पुढे हसत सांगितलं. ज्याच्या अंगावर लाखोंची नजर खिळायची तो आता दुसऱ्याच्या कपड्यांचं माप झाला होता. त्याला यात सुटका वाटली असावी. स्टार असण्याचा शीण स्टारलाच माहीत.

आता जो भाग मला सगळ्यांत अवघड वाटतो तो सांगतो. १९८३ मध्ये ओरेगन विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञांनी रजनीशपुरममध्ये पाहणी केली. तिथे वेडगळ, भरकटलेली पोरं सापडतील अशी बाहेरच्यांची अपेक्षा होती. निघाली ती तिशी ओलांडलेली, सुशिक्षित माणसं. जवळपास दोन-तृतीयांश पदवीधर. ताण कमी, नैराश्य कमी, स्वतःविषयीचं मत उत्तम. म्हणजे ही माणसं सुखी होती. दिवसाचे बारा बारा तास विनापगार राबत होती, त्या कामाला ध्यान म्हणत होती, आणि संध्याकाळी नाचत होती. रोज दुपारी रजनीश आपल्या रोल्स रॉइसमधून सावकाश जात, तेव्हा दुतर्फा हात जोडून उभी राहत होती. त्या गाड्या शेवटी ९३ झाल्या.

याच वसाहतीत, याच सुखी माणसांच्या शेजारी, शीलाच्या वर्तुळानं खोल्यांमध्ये चोरून ऐकायची यंत्रं बसवली होती. शेजारच्या चाळीस-एक वस्तीच्या अँटिलोप गावाची नगरपालिका बाहेरून आलेल्या मतांवर ताब्यात घेतली होती. नोव्हेंबर १९८४ ची वॉस्को काउंटीची, म्हणजे तिथल्या जिल्ह्याची, निवडणूक जिंकायची म्हणून शहराशहरांतून बेघर लोक बसगाड्यांनी आणले. आणि मतदारांनी घरीच पडून राहावं म्हणून त्याच वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात द डॅल्स गावातल्या दहा हॉटेलांत सॅलडवर साल्मोनेला जंतू टाकले. ७५१ माणसं आजारी पडली. जंतू वाढवले होते ते वसाहतीच्याच दवाखान्याच्या प्रयोगशाळेत.

भांडी घासणाऱ्यांना यातलं बहुधा काहीच ठाऊक नव्हतं. पण ठाऊक का नव्हतं? ‘मन बाहेर ठेवा’ ही पाटी ध्यानापुरती ठीक होती. तीच जेव्हा हिशेब, निवडणूक आणि पहारा यांनाही लागू झाली तेव्हा विचारणारं कुणी उरलं नाही. त्यात गुरू मौनात. मौनातल्या माणसाच्या वतीनं जो बोलतो तोच खरा कारभारी होतो. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांमध्ये आणि मठांमध्ये हे काही नवीन नाही. प्रश्न विचारला की सुखाला तडा जातो, म्हणून सुखी माणूस तो विचारत नाही. सुख मिळतं का, एवढंच मोजलं तर रजनीशपुरम उत्तम गुणांनी पास होतं, आणि तिथेच ती मोजपट्टी अपुरी पडते.

सप्टेंबर १९८५ मध्ये शीला आपल्या माणसांसह युरोपला पळाली. रजनीशांनी तिच्यावर आरोप केले, आपल्याला यातलं काही माहीत नव्हतं म्हणाले, आणि आता माळेची, लाल कपड्यांची गरज नाही असंही जाहीर केलं. ऑक्टोबरअखेर नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लट विमानतळावर त्यांना अटक झाली. स्थलांतर-कायद्यासंबंधीच्या गुन्ह्यांत तडजोड करून, चार लाख डॉलर दंड भरून नोव्हेंबरात त्यांनी अमेरिका सोडली. शीलाला पुढे जर्मनीतून आणून वीस वर्षांची शिक्षा झाली. तिचा थोडाच भाग भोगून ती सुटली. एकामागून एक देशांनी रजनीशांना दार बंद केलं आणि जानेवारी १९८७ मध्ये ते पुन्हा कोरेगाव पार्कात आले. ‘ओशो’ हे नाव १९८९ चं. १९ जानेवारी १९९० ला ते गेले.

विनोद खन्ना परतला तेव्हा लग्न मोडलेलं होतं. १९८७ मध्ये ‘इन्साफ’ आला, लोकांनी त्याला पूर्वीसारखंच डोक्यावर घेतलं. त्याआधी रजनीशांनी त्याला पुण्याचा आश्रम चालवायला सांगितलं होतं. त्यानं नाही म्हटलं. आयुष्यातला सगळ्यांत कठीण निर्णय तोच, असं तो म्हणे. मला त्याच्या सिनेमा सोडण्यापेक्षा हा नकार मोठा वाटतो. ज्याच्यासाठी घर सोडलं त्यालाच नाही म्हणायचं, तेही त्याला शिव्या न देता. कारण पुढेही त्यानं गुरूविषयी कधी कडवट शब्द काढला नाही. मग दुसऱ्या प्रकारची सत्ताही त्यानं पाहिली. चार वेळा गुरदासपूरचा खासदार, वाजपेयी सरकारात राज्यमंत्री. नाव, संन्यास, सत्ता, सगळं करून झालं. २७ एप्रिल २०१७ ला तो वारला.

कोरेगाव पार्कातला आश्रम आता ‘मेडिटेशन रिसॉर्ट’ म्हणून ओळखला जातो. कोरोनाच्या तोट्याचं कारण देऊन तिथले दोन भूखंड १०७ कोटी रुपयांना विकायचा घाट व्यवस्थापनानं घातला. जुन्या संन्याशांनी विरोध केला आणि डिसेंबर २०२३ मध्ये धर्मादाय सहआयुक्तांनी परवानगी नाकारली. त्याच वर्षी मार्चमध्ये, रजनीशांच्या संबोधी दिनाच्या, म्हणजे त्यांना ज्ञानप्राप्ती झाली असं मानतात त्या दिवसाच्या, सुमारास, गेटवर गर्दी जमली होती. माळ घालून आत यायचं नाही, असा व्यवस्थापनाचा नियम होता. वाद पेटला, पोलिस आले, लाठ्या चालल्या. बाहेर उभ्या असलेल्यांपैकी अनेकांचे केस पांढरे झाले होते, आणि गळ्यात तीच माळ होती, लॉकेटमध्ये तोच फोटो.