एका इंजेक्शनने कुठलाही कॅन्सर बरा? नाही

‘परळच्या टाटामध्ये एकाच इंजेक्शनने शेवटच्या स्टेजचा कुठलाही कॅन्सर बरा होतो’ हा मेसेज फॅमिली ग्रुपांवर फिरतोच आहे. त्यामागचं औषध खरं आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून आलेल्या नेक्सकार-१९ या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. ‘कुठलाही’ मात्र साफ खोटं.

या उपचारात रुग्णाच्याच रक्तातून टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, काढतात, त्यांत नवं जनुक घालून त्या वाढवतात आणि सलाईनसारख्या परत शरीरात सोडतात. या पेशी सीडी-१९ हे प्रथिन हेरतात, आणि ते असतं बी-पेशी या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींवर. म्हणून उपयोग फक्त बी-पेशींच्या ल्युकेमिया-लिम्फोमा या रक्ताच्या कॅन्सरांत, तोही आधीचे उपचार फसल्यावर किंवा आजार उलटल्यावर. स्तन, फुप्फुस, तोंड इथल्या कॅन्सरच्या पेशींवर हे प्रथिन नसतं, मग या टी-पेशी तिथे हेरणार काय? (आपल्याकडे तंबाखूने तोंडाचे रुग्ण इतके, की त्यांची घरं या मेसेजला भुलू शकतात.)

‘एकच इंजेक्शन’ही अर्धसत्य. पेशी बहुधा एकदाच देतात, पण त्या तयार व्हायला वेळ लागतो, त्याआधी केमो असते, नंतर तीव्र ताप, घसरणारा रक्तदाब यांसाठी रुग्णालयात मुक्काम. काहींचा आजार परततोही. खर्च अमेरिकेच्या सुमारे दहावा हिस्सा, तरी लाखांतच.